ओझे उतरवण्याचा इतिहास

लांबच्या प्रवासाला घडीची सायकल न्यायची तर तिच्यावर सामान कसे लादावे, असा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका सहकारी प्राध्यापकांनी मला विचारला. मी त्यांना दोन पिशव्यांची नावे सांगून मोकळा झालो असतो. परंतु उत्तर देताना माझ्या लक्षात आले, की त्यासाठी मराठीत आपल्याजवळ असलेले शब्द सायकलीहून कितीतरी जुने आहेत : पडशी, खुर्जी, गोणी, पखाल, कावड, वळकटी. यांतील बहुतेक शब्द आता शब्दकोशात आणि जुन्या बखरींच्या टिपांत उरले आहेत. त्या शब्दांतून जो विचार व्यक्त होतो तो मात्र जुना झालेला नाही. प्रस्तुत टिपण त्या विचाराविषयी आहे.

प्रथम स्थळाविषयी. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा नावाचे गाव आहे. मुंबई-कोलकाता म्हणून ओळखला जाणारा महामार्ग, जो पूर्वी सहा क्रमांकाचा होता आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा आहे, या गावावरून जातो. उत्तरेकडून गोंदियाचा रस्ता येथे त्याला मिळतो आणि दक्षिणेकडे नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव या बाजूला उतरतो. त्यामुळे कोहमाऱ्याच्या फाट्यावर दिवसभर माणसे एका वाहनातून उतरतात आणि दुसऱ्याची वाट पाहतात. येथे सर्वांत जास्त वेळा घडणारी क्रिया म्हणजे ओझे खाली ठेवणे आणि पुन्हा उचलणे. घडीची सायकल घेऊन मी प्रथम येथेच एस.टी.तून उतरलो होतो. नवेगावबांधच्या तलावाकडे जायचे होते. त्या दिवशी जी फजिती झाली तिच्याकडे नंतर येतो.

ओझ्याच्या इतिहासाकडे आपण सामान्यतः 'किती वाहिले' या दृष्टीने पाहतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. आकडा डोळ्यांत भरतो आणि आपण तेथेच थांबतो. परंतु वंजारी तांड्याच्या व्यवस्थेतील खरी हुशारी संध्याकाळी दिसत असे. मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक बैलाच्या पाठीवरची गोण उतरवायची, सकाळी तीच पुन्हा चढवायची. हजारो बैलांच्या बाबतीत हे काम झटपट झाले नाही तर तांडा चालणारच नाही. म्हणून गोणीचे दोन भाग पाठीच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाचे, पालाणावर नुसते टेकलेले. उतरवलेल्या गोणी रचून मुक्कामाभोवती भिंत करीत. दिवसा जे ओझे होते ते रात्री कूस होत असे. या 'गोणी'वरूनच इंग्रजांनी आपला 'गनी' हा शब्द घेतला आणि तागाच्या पोत्याला तो कायमचा चिकटला.

पडशीचेही तसेच. दोन तोंडांची पिशवी, मध्ये खांदा किंवा घोड्याची पाठ. खुर्जी हा फारसीतून आलेला शब्द तिचीच थोरली बहीण. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : बांधायला दोरी लागत नाही. वजनच वजनाला तोलून धरते आणि एका हाताने ओढले की सारे सुटते. युरोपातही हेच घडले होते. सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या पिशवीला 'पॅनियर' म्हणतात, तो शब्द पाव ठेवण्याच्या लॅटिन टोपलीपासून निघून, गाढवाच्या पाठीवरून फिरत सायकलीपर्यंत आला. म्हणजे पॅनियर आणि पडशी यांना जोडणारा धागा प्राण्याची पाठ हा आहे.

कावड मात्र वेगळी. तिच्यात तोल आहे, पण उतरवण्याची मुभा नेहमीच नसते. गंगाजलाची कावड जमिनीला टेकवायची नाही असा अनेक ठिकाणी दंडक आहे. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण दयेचा दृष्टान्त म्हणून शिकवतो, आणि तो अर्थ योग्यच आहे. तथापि तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या प्राण्याच्या पाठीवर जगाने गोणी लादल्या त्याच्यापुढे एका वाहकाने आपले ओझे उतरवले. ज्याला उतरवण्याची परवानगी नव्हती त्याने ते उतरवण्याचे योग्य ठिकाण ओळखले. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) याच दृष्टीने वाचता येतो. दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून निघालेला हा भिक्षुक वाटेत लुटला गेला आणि अखेरीस घरी पोचला तो गंगेचे पाणी घेऊन. वाटेतली सगळी मिळकत गेली तरी जे ओझे मधे कोठेही उतरवायचे नव्हते तेवढे पोचले.

दक्षिणेत या गोष्टीचे दगडी स्मारकच आहे. तमिळ प्रदेशात 'सुमैतांगी' आणि केरळात 'अत्ताणी' या नावाने ओळखले जाणारे ओझे टेकण्याचे दगड जुन्या रस्त्यांवर आढळतात. दोन उभे खांब, वर आडवी शिळा, आणि उंची अशी की डोक्यावरचा भार कुणाच्या मदतीशिवाय तिच्यावर सरकवता यावा. गर्भारपणात मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ असा दगड उभारण्याची चाल तमिळ मुलखात होती. जिला आपले ओझे उतरवता आले नाही तिच्या नावाने इतरांनी ते उतरवावे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याने ओझ्याविषयी खोल विचार केलेला असला पाहिजे.

आता सायकलीकडे वळू. सायकल आली तेव्हा ओझ्याचा तोल डाव्या-उजव्या अंगांबरोबर पुढच्या-मागच्या चाकांतही सांभाळावा लागला. १९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रवास पूर्ण करून परतले. वाळवंटे आणि जंगले त्यांनी मोठ्या चाकांच्या सायकलींवर पार केली. मोठ्या चाकाला एक फायदा असतो. सुमारे सत्तर सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर कॅरिअर उंच राहतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर लांब पिशव्या खुशाल लोंबकळतात.

घडीच्या सायकलीची गोष्ट याहून निराळी आहे, आणि तिचा उगम लष्करात आहे. १८९० च्या दशकात फ्रेंच सैन्यातील कॅप्टन जेरार यांनी अशी सायकल पुढे आणली, की जी रस्ता संपल्यावर घडी करून सैनिकाने पाठीवर घ्यावी. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्सालिएरी पथकांनी तशाच सायकली वापरल्या. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली. या प्रत्येक उदाहरणात एक विलक्षण उलटापालट आहे. वाहन म्हणून घेतलेली वस्तू ठरावीक क्षणी स्वतःच ओझे बनते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, येथे विंचवाच्या पाठीवर त्याचा रस्ताही येऊन बसतो.

नागरी जीवनात ही सायकल आली ती लहान चाके घेऊन. १९६२ साली अॅलेक्स मोल्टन यांनी इंग्लंडमध्ये लहान चाकांची सायकल बाजारात आणली. ती घडीची नव्हती, परंतु लहान चाकांमुळे सामानाला वर जागा मिळते आणि ते सुकाणूऐवजी सांगाड्यावर बसवता येते हे तिने दाखवून दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यास लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टन या सायकलीवर काम सुरू केले. तिच्या पुढच्या बाजूस सांगाड्यालाच एक ठोकळा जोडलेला असतो आणि पिशवी त्यावर अडकते. हँडल वळले तरी पिशवी वळत नाही, आणि एका हाताने ती उचलून घेता येते. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात बाइक फ्रायडे या नावाने अशा सायकली निघाल्या, की ज्या एका सूटकेसमध्ये मावत. मुक्कामी पोचल्यावर सायकल बाहेर काढायची, त्याच सूटकेसला चाके लावायची आणि ती गाडीसारखी मागे जोडायची. आत सामान भरलेले! पेटीत सायकल आणि सायकलमागे पेटी. तांड्याच्या गोणीची भिंत होत असे, त्याच जातीची ही कल्पना आहे.

येथे माझ्या फजितीकडे येतो. कोहमाऱ्याच्या फाट्यावर मी सायकल उघडली आणि मोठ्या सायकलीच्या दोन भरलेल्या पिशव्या मागच्या कॅरिअरला लटकवल्या. वीस इंची चाकाचा व्यास जेमतेम पन्नास सेंटिमीटर. पिशव्यांचे तळ जमिनीपासून चार बोटांवर आले. पेडल मारताच टाच पिशवीला लागू लागली, कारण अशा सायकलीत मागचे चाक पेडलच्या फार जवळ असते. पिशव्या मागे सरकवल्या तर सारा भार आसाच्या मागे गेला आणि पुढचे चाक हलके होऊन डुलू लागले. शेजारीच एक मासे विकणारे गृहस्थ आपल्या जुन्या काळ्या सायकलीपाशी उभे होते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन डबे, मधे तराजू. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "सारा वजन मांगच कायले लादला, भाऊ?"

त्या एका वाक्यात विषयाचा निम्मा गाभा आला. घडीच्या सायकलीवर जड वस्तू पुढे, सांगाड्याला जोडलेल्या पिशवीत घ्याव्यात : पाणी, अवजारे, पुस्तके. मागे कॅरिअरवर हलकी आणि अरुंद वळकटी असावी, म्हणजे कपडे आणि अंथरूण. बाजूच्या पिशव्या घ्यायच्याच तर आखूड घ्याव्यात आणि टाचेला जागा आहे की नाही ते घरीच पाहून घ्यावे. पाठीवर काही घेऊ नये, कारण लांबच्या वाटेवर तो भार कंबर आणि तळहातांवर उतरतो.

उरलेला निम्मा गाभा मात्र उतरवण्याविषयी आहे. माझी कसोटी अशी : बस दिसल्यापासून ती थांबेपर्यंत सामान सुटले पाहिजे, सायकल मिटली पाहिजे, आणि सायकल एका हातात व सामान दुसऱ्या हातात घेऊन एकाच फेरीत चढता आले पाहिजे. सात पट्ट्या आणि चार दोऱ्या लागणारी पिशवी कितीही टिकाऊ असली तरी या कसोटीला उतरत नाही. पुढची एक पिशवी आणि मागची एक वळकटी, दोन्ही एका पट्ट्याने खांद्यावर जोडता येतील अशा, म्हणजे मुळात पडशीच. सहकाऱ्यांना मी हेच उत्तर दिले.

परंतु हे उत्तर देताना एक अस्वस्थता राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही. 'सामान निवडणे' हा शब्दप्रयोगच सुखवस्तू माणसाचा आहे. आमच्या झाडीपट्टीत धानाचे भारे काठीच्या दोन टोकांना लावून बांध्यांतून धावत येणारा मजूर, उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे फळीवर पोचवणारी बाई, डबे लावून गावोगाव फिरणारा ढिवर, यांनी आपले ओझे निवडलेले नाही. तोलाचे जे ज्ञान मला फजिती होऊन मिळाले ते त्यांच्या अंगात पिढ्यान्पिढ्या आहे. पण ते कोठे लिहिले गेले नाही आणि त्याचे शब्दही आपण हळूहळू टाकून दिले. पिशव्यांच्या जाहिरातींत 'पॅनियर' आला, पडशी गेली. शब्द गेला की तो वापरणारा माणूस त्या विद्येचा जाणकार होता हेही विसरले जाते.

त्या दिवशी मी पिशव्या सोडून पुन्हा बांधल्या. पाण्याच्या बाटल्या आणि पुस्तके पुढे घेतली. मासे विकणारे गृहस्थ तोवर निघून गेले होते. पुढे नवेगावबांधच्या रस्त्यावर एका गावाच्या वेशीत ते पुन्हा दिसले. सायकल झाडाला टेकवलेली, डबे अजून जागच्या जागी. ते ओझे उतरवायचा त्यांच्याजवळ एकच मार्ग होता : मासे विकले जाणे. मी सायकल थांबवली आणि अर्धा किलो मासे घेतले. ठेवायला जागा पुढच्या पिशवीतच होती.