पाण्यात खुर्ची टाकून मासेमारी : फ्लोट ट्यूब म्हणजे नेमकं काय?

जुलै-ऑगस्टमधली सकाळ. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं हेबगेन सरोवर अगदी शांत असतं. काठापासून थोडं आत पाच-सहा माणसांची फक्त धडं पाण्यावर दिसतात. ना होडी, ना वल्हं. हातात गळाची काठी आणि नजर पाण्यावर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी पाण्यात खुर्च्या टाकूनच बसली आहेत.

तसं वाटणं फारसं चुकीचंही नाही. हे सगळे ‘फ्लोट ट्यूब’मध्ये बसलेले असतात. हवा भरलेली ही छोटी तरंगती खुर्ची हौशी मासेमारांमध्ये चांगलीच लोकप्रिय आहे. काही जण तिला ‘बेली बोट’ असंही म्हणतात. मोटरबोटी असताना माणसं अशी अर्धी पाण्यात का बसतात? आणि ही मजा कधी अंगाशी येऊ शकते?

ट्रकच्या ट्यूबपासून सुरुवात

सुरुवातीची फ्लोट ट्यूब साधी होती. ट्रकच्या टायरमधली ट्यूब घ्यायची, तिला कॅनव्हासचं कव्हर शिवायचं आणि मधल्या भोकात कापडी बैठक लावायची. त्यात पाय घालून बसलं की झालं. अडचण एकच होती, चारही बाजूंनी बंद असलेल्या या गोलात शिरणं आणि त्यातून बाहेर पडणं अवघड जायचं.

म्हणून पुढे समोरून उघड्या असलेल्या, घोड्याच्या नालेच्या आणि इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या ट्यूब आल्या. यात हवेचे एकापेक्षा जास्त कप्पे असतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा तरंगत ठेवतो. मांडीवर एक जाळीदार पडदा असतो. त्यावर दोरा गोळा होतो, आणि बऱ्याच ट्यूबमध्ये त्यावरच मासा मोजायची पट्टी छापलेली असते.

तरंगण्याचं गणित शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजचंच. माणूस आणि सामान मिळून १०० किलो वजन असेल, तर तरंगण्यासाठी १०० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. बऱ्याच ट्यूब साधारण ११० ते १४० किलो वजनासाठी बनवलेल्या असतात.

पायाने चालते, तीही उलटी

फ्लोट ट्यूबमध्ये बसणारा माणूस छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ विजार घालतो. तिला ‘वेडर्स’ म्हणतात. पायात पोहण्याचे फिन्स असतात. बसून पाय झाडले की ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते. म्हणजे जायचं असेल तिकडे पाठ करायची आणि मधूनमधून मान वळवून बघायचं.

हे विचित्र वाटतं, पण खरी सोय यातच आहे. होडीत वल्हं मारायचं तर काठी खाली ठेवावी लागते. इथे पाय गाडी चालवतात आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. मासा वळला की एक पाय झाडून आपणही वळायचं. शिवाय हवा काढली की ही अख्खी ‘होडी’ पाठीवर टाकून नेता येते. त्यामुळे जिथे गाडीरस्ता नाही अशा डोंगरातल्या तळ्यांवरही ती पोहोचते.

‘गल्पर्स’चा खेळ

हेबगेन सरोवर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला लागून, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. मॅडिसन नदीवरच्या धरणाचा हा जलाशय. उन्हाळ्यात सकाळी इथे पाण्यावर मेफ्लाय नावाच्या नाजूक किड्यांचे थवे उतरतात आणि ते खायला ब्राउन व रेनबो ट्राउट वर येतात. मासा पृष्ठभागाच्या जरा खालून फिरत, ठरावीक अंतराने तोंड वर काढून किडे गिळत जातो. त्याचा ‘गुळुप्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. म्हणूनच या माशांना तिथे ‘गल्पर्स’ म्हणतात.

मासेमार आधी फक्त ऐकतो आणि बघतो. गुळुप्. चार-पाच फुटांवर पुन्हा गुळुप्. मासा कुठल्या दिशेला चाललाय, हे ओळखून त्याच्या वाटेत थोडं पुढे आपला फ्लाय टाकायचा. फ्लाय म्हणजे आकड्याला पिसं आणि धागा गुंडाळून केलेला नकली किडा. अंदाज बरोबर आला तर पुढचा ‘गुळुप्’ आपल्या फ्लायवर असतो. चुकला तर मासा शांतपणे बाजूने निघून जातो.

मोठा मासा लागला तर आणखी गंमत. ट्यूब इतकी हलकी असते, की मासा ओढायला लागला की ती त्याच्या दिशेने वळते आणि कधीकधी सरकतेही.

माशाला माणूस दिसत नाही का?

दिसतो, पण कमी. पाण्याखालून वर पाहताना प्रकाश वाकत असल्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या साधारण ९७ अंशांच्या एका गोल ‘खिडकी’तूनच दिसतं. पाण्यालगत असलेल्या गोष्टी या खिडकीच्या कडेला दबून, अस्पष्ट दिसतात. होडीत उभा असलेला माणूस त्यात पटकन नजरेत भरतो. पाण्यालगत बसलेला माणूस तितका भरत नाही. त्यात वल्ह्याचा ठोका नाही, इंजिनाचा आवाज नाही.

याची किंमतही आहे. इतक्या खालून गळ लांब फेकता येत नाही. त्यामुळे इथे ताकदीपेक्षा माशाच्या जवळ जाण्याला महत्त्व येतं.

वारा सुटला की?

फ्लोट ट्यूब हळू, हलकी आणि शांत असते, मजा त्यातच आहे. धोकाही त्यातच आहे. जोर लावून पाय मारले तरी वेग निवांत चालण्याच्या निम्म्याच्या आसपासच जातो. सकाळी शांत असलेल्या डोंगरी सरोवरांवर दुपारकडे वारा सुटतो. समोरून येणारा वारा पायांपेक्षा जोरदार निघाला, तर माणूस पाय मारत असूनही काठापासून लांब जात राहतो.

म्हणून अनुभवी लोक काही गोष्टी पाळतात.

• सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायची. म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो.

• लाइफ जॅकेट अंगावर हवं, मागच्या कप्प्यात नको.

• थंड पाण्यात जास्त वेळ बसायचं नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचून घेतं. हातपाय बधिर झाले की परतीचे पाय मारणंही जमत नाही.

• वेडर्सवर कमरेला पट्टा बांधायचा. आत पाणी शिरलं तर माणूस दगडासारखा बुडतो, हा गैरसमज आहे. पण हालचाल आणि काठावर चढणं फार कठीण होतं.

• ट्यूब गच्च फुगवून उन्हात ठेवायची नाही. तापलेली हवा प्रसरण पावते आणि शिवण किंवा चेन उसवू शकते.

• वाहत्या नदीत उतरायचं नाही. खाली लोंबणारे पाय फांदीत किंवा खडकात अडकले, तर प्रवाह माणसाला उलटवतो.

यलोस्टोन उद्यानात तर फ्लोट ट्यूबलाही होडीसारखाच परवाना लागतो.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

ट्रकच्या ट्यूबवर बसून मासेमारी हे दृश्य आपल्याला नवीन नाही. राज्यातल्या अनेक तलावांवर आणि धरणांवर मच्छीमार ट्यूबवर बसून, हाताने किंवा छोट्या फळीने पाणी सारत जाळी लावताना दिसतात. फरक इतकाच, की हेबगेनवर तो छंद आहे आणि इथे पोटापाण्याचा प्रश्न. छंद असलेला माणूस ढग पाहून काठावर येतो. ज्याची जाळी पाण्यात आहे, त्याला तसं लगेच परतता येत नाही.

हौसेसाठी कुणी फ्लोट ट्यूब आणलीच, तर आधी परवानगी विचारायला हवी. राज्यातल्या बऱ्याच जलाशयांतले मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने सहकारी संस्थांना देतो. मुंबईच्या पवई तलावावर १९५५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमुळे हौशी मासेमारीची जुनी परंपरा आहे. पण त्याच तलावात मगरीही आहेत. तिथे पाय पाण्यात सोडून बसण्याचा विचार कुणी न केलेलाच बरा.

बाकी तळं मोंटानातलं असो की महाराष्ट्रातलं, ट्यूब पाण्यात सोडण्याआधी थोडं गवत तोडून हवेत उडवून बघावं. ते ज्या बाजूला उडेल, त्याच्या उलट दिशेने निघावं.