द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर

द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर ही अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो (१८०९–१८४९) यांची इंग्रजी भाषेतील लघुकथा आहे. ती सप्टेंबर १८३९ मध्ये बर्टन्स जंटलमन्स मॅगझिन या मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली. पुढे पो यांच्या टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अरबेस्क या संग्रहात तिचा समावेश झाला. एका जुन्या घराण्याचा अंत, त्या घराण्यातील अनुच्चारित गुपित आणि जिवंतपणी झालेले दफन हे या कथेचे विषय आहेत. गॉथिक कथापरंपरेतील ही सर्वाधिक चर्चिली गेलेली लघुकथांपैकी एक होय.

कथानक

कथेचा निवेदक निनावी आहे. बालमित्र रॉडरिक अशर याचे व्याकूळ पत्र आल्यामुळे तो अशरांच्या वाड्यावर येतो. वाड्यासमोर काळ्या, निश्चल पाण्याचे तळे असून छपरापासून पाण्यापर्यंत भिंतीवर एक बारीक, नागमोडी भेग उतरलेली आहे. रॉडरिकची ज्ञानेंद्रिये विलक्षण हळवी झाली आहेत. त्याला अळणी अन्नच चालते, फुलांचा वास सोसत नाही, मंद प्रकाशही डोळ्यांना खुपतो आणि काही तंतुवाद्यांचा अपवाद सोडल्यास प्रत्येक आवाजाची धास्ती वाटते. त्याची बहीण मॅडलिन हिला क्षयासारखी झीज लागली असून अधूनमधून अंग ताठरून मृतवत पडण्याचे झटके येतात.

मॅडलिन मरण पावल्याचे रॉडरिक सांगतो आणि अंतिम दफनापूर्वी पंधरवडाभर तिचे शव वाड्याच्या तळघरात ठेवण्याचे ठरवतो. निवेदक त्याला मदत करतो. सात-आठ दिवसांनी वादळी रात्री निवेदक त्याला एक शौर्यकथा वाचून दाखवत असताना त्या कथेतील आवाज वाड्यातही ऐकू येऊ लागतात. बहिणीची हालचाल आपल्याला कित्येक दिवसांपूर्वीच ऐकू आली होती, पण बोलण्याचे धैर्य झाले नाही, अशी कबुली रॉडरिक देतो. दार उघडते, रक्ताने माखलेली मॅडलिन भावाच्या अंगावर कोसळते आणि दोघेही मरतात. निवेदक पळ काढतो. त्याच्या डोळ्यांदेखत ती भेग रुंदावते व वाडा तळ्यात गडप होतो.

घर आणि घराणे

इंग्रजीत ‘हाउस’ या शब्दाने वास्तू आणि वंश हे दोन्ही अर्थ निघतात व कथेचे शीर्षक या द्व्यर्थावर उभे आहे. मराठीत घर आणि घराणे असे दोन शब्द असल्यामुळे भाषांतरकाराला त्यांपैकी एक निवडावा लागतो आणि निम्मा अर्थ निसटतो. परिसरातील शेतकरी वाड्याला आणि कुटुंबाला एकाच नावाने ओळखत, असे पो यांनी कथेतच नमूद केले आहे.

अशर घराण्याला टिकाऊ अशी उपशाखा कधीच फुटली नाही. वारसा सतत बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत गेला. हे वाक्य कथेच्या आरंभी सहज येऊन जाते, परंतु घराण्याच्या गुपिताविषयीच्या बहुतेक सर्व चर्चेचा उगम तेथेच आहे. वंश स्वतःतच मिटत गेला, याचा अर्थ पिढ्यानुपिढ्या निकटच्या रक्तात विवाह झाले आणि रॉडरिक व मॅडलिन यांचे नातेही भावंडांच्या मर्यादेपलीकडचे होते, असे अनेक समीक्षक मानतात. संहितेत मात्र याचा स्पष्ट उल्लेख कोठेही नाही. एकाच वंशरेषेचे विधान रक्तसंबंधातील विवाहाचा पुरावा ठरत नाही. ते फार तर सूचन म्हणता येईल. ही मर्यादा विद्यार्थ्यांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकांत पुष्कळदा पाळली जात नाही.

ही दोघे जुळी भावंडे आहेत हे निवेदकाला, आणि म्हणून वाचकालाही, मॅडलिनला शवपेटीत ठेवल्यानंतर कळते. बालपणापासूनच्या मित्राला ही साधी गोष्ट ठाऊक नसावी, यावरून त्या घरात काय बोलले जाई आणि काय नाही याचा अंदाज येतो. मॅडलिनच्या तोंडी संपूर्ण कथेत एकही शब्द नाही.

दफनाचा प्रश्न

रॉडरिकने बहिणीला जाणूनबुजून पुरले काय, हा कथेतील कळीचा प्रश्न आहे. शव तळघरात ठेवण्यामागे तिच्या आजाराचे असाधारण स्वरूप, वैद्यांच्या नको तितक्या चौकशा आणि कौटुंबिक दफनभूमीचे दूर व उघड्यावर असणे ही कारणे तो देतो. कारणे वरवर पटण्याजोगी आहेत. तथापि मृतवत पडण्याचे झटके येणाऱ्या रुग्णाच्या गालांवर लाली आणि ओठांवर स्मित दिसत असतानाही शवपेटीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवले जाते आणि जड लोखंडी दार बंद होते. ही दोन्ही कामे निवेदकाच्या सहभागाने होतात. तळघर त्याच्याच शयनगृहाच्या खाली आहे. त्यामुळे त्याला केवळ तटस्थ साक्षीदार मानणे कठीण आहे. शेवटी रॉडरिक ‘वेडा’ हे संबोधन निवेदकाला उद्देशून वापरतो, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

क्षीण झालेली स्त्री बंद शवपेटीतून आणि लोखंडी दारातून बाहेर कशी आली, याचे उत्तर कथा देत नाही. मॅडलिन पिशाच आहे, ती भ्रम आहे किंवा सारा प्रसंग स्वप्नसदृश आहे, हे तिन्ही अर्थ या मौनातून निघतात.

समीक्षा

डी. एच. लॉरेन्स यांनी स्टडीज इन क्लासिक अमेरिकन लिटरेचर (१९२३) या ग्रंथात, दुसऱ्याचे स्वत्व शोषून घेणाऱ्या प्रेमाची कथा म्हणून तिचे वाचन केले. कवी रिचर्ड विल्बर यांनी १९५९ मधील द हाउस ऑफ पो या व्याख्यानात वाडा म्हणजे मन आणि निवेदकाचा प्रवास म्हणजे स्वप्नात शिरणे, असा अर्थ मांडला. कथेत अंतर्भूत असलेली द हॉन्टेड पॅलेस ही कविता त्याला बळ देते. तिच्यातील राजवाडा उघडपणे मानवी मस्तकाचे रूपक आहे. वाड्याच्या खिडक्याही रिकाम्या डोळ्यांसारख्या वर्णिल्या आहेत. याउलट क्लीअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरेन यांनी अंडरस्टँडिंग फिक्शन (१९४३) मध्ये कथेवर कठोर टीका केली.

मॅडलिनमध्ये पो यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांचे प्रतिबिंब पाहण्याची प्रथा आहे. त्या पो यांच्या आतेबहीण होत्या व १८४७ मध्ये क्षयाने वारल्या. परंतु त्यांच्या आजाराची पहिली चिन्हे जानेवारी १८४२ मध्ये, म्हणजे कथा प्रसिद्ध झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने दिसली. त्यामुळे हा संबंध कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

रूपांतरे

फ्रेंच संगीतकार क्लोद दब्युसी यांनी या कथेवर ऑपेरा रचण्यास घेतला होता. तो अपूर्ण राहिला. ज्याँ एप्स्टाइन यांच्या १९२८ च्या फ्रेंच मूकपटात रॉडरिक व मॅडलिन हे पतिपत्नी आहेत. रॉजर कॉर्मन यांच्या १९६० च्या चित्रपटात निवेदकाच्या जागी मॅडलिनचा वाग्दत्त वर येतो आणि घराण्याचा शाप रॉडरिक स्वतः विस्ताराने सांगतो.