कापसाच्या जिल्ह्यात बाळाला जुनेर का?

थ्रेड : वर्धा जिल्हा, कापूस आणि बाळाचे पहिले वस्त्र.

एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. लांब धाग्याच्या या कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग बाजारात लागे. मात्र त्याच मुलखात जन्मलेले मूल पहिल्यांदा गुंडाळले जाई, ते आजीच्या विटक्या लुगड्यात. कापसाच्या आगरात बाळाला जुनेर का?

सर्वांत साधे कारण कापडाच्या अंगातच आहे. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते. ते कडक असते, पाणी लवकर शोषत नाही. वर्षानुवर्षे नदीवर धुतलेल्या लुगड्यातली खळ पुरती निघून जाते आणि सूत सैल, मऊ होते. नवजात बाळाच्या त्वचेला तेच मानवते. दुपटे या शब्दातच त्याची घडण आहे : दोन पदर एकमेकांवर ठेवून शिवलेले वस्त्र. पदर वाढवत नेले की गोधडी होते.

इथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दुलईत पिंजलेला कापूस भरतात आणि त्यासाठी पिंजाऱ्याला पैसे मोजावे लागतात. साध्या गोधडीत कापूस नसतोच. लुगडी, धोतरे, फाटक्या चोळ्या एकावर एक अंथरून जवळजवळ धावदोरे घातले की ऊब येते ती पदरांमध्ये अडकलेल्या हवेची. कापूस पिकवणाऱ्याच्या घरची गोधडी कापसाविना शिवली जाई, कारण कापूस विकायचा असे. सावकाराचे देणे आणि सरकारी सारा त्यातूनच भागे.

दुसरे कारण भीतीचे होते. १९२०च्या दशकात मध्य प्रांतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी दोनशेहून अधिक बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, तर बाळ येण्याआधी नवे कापड घरात आणू नये, या संकेताकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहता येत नाही. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवत. मृत्यूला हेवा वाटू नये, हा हेतू. जुन्या कापडाचे दुपटे त्याच जातीचे होते. त्यात तयारी होती, पण तिचा गाजावाजा नव्हता. पाचवीची पूजा झाली, बारसे झाले, की मग आजोळहून बाळंतविडा येई : नवी झबली, टोपडी आणि डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारी काठाची कुंची. जपानमध्येही अनेक घरांतून मागून आणलेल्या तुकड्यांचा अंगरखा बाळासाठी शिवण्याची प्रथा होती. तिथेही हेतू बाळ जगावे हाच.

आता ही लुगडी कुठून येत, ते पाहू. नागपूर-वर्धा पट्ट्यात जाडेभरडे कापड मुख्यतः महार विणकर विणत आणि तलम, रेशीमकाठी कापड कोष्टी विणत. सूत काततील ते हात बहुतेक बायकांचे. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी त्या सुमारास आपली अपेक्षा निःसंकोच लिहून ठेवली : रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले, तर देशी कापड मागे पडेल, घरी कातला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. इतकी प्रांजळ वसाहतवादी नोंद क्वचितच सापडते.

त्याचा परिणाम बाळाच्या अंथरुणापर्यंत पोचला. पूर्वीच्या जाड हातविणीच्या धडप्यांच्या जागी गोधडीत गिरणीच्या कापडाचे, छापील चिटाचे तुकडे आले. पुढे हिंगणघाटलाच गिरण्या निघाल्या. कापूस वेचणीला गेलेल्या मजूर बाईचे मूल मात्र बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत झोपे, आणि ती झोळीही जुन्या लुगड्याचीच.

लोकरीची टोपडी आणि पायमोजे हे या कथेतले पाहुणे. दोन सुयांवरचे विणकाम इंग्रजी अमदानीत, विशेषतः मिशनच्या मुलींच्या शाळांमधून मध्यमवर्गीय घरांत शिरले. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. वैशाखात जन्मलेल्या बाळाला त्या भेटीचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पण पौषातली रात्र इथेही बोचते. तेवढ्या दोन महिन्यांसाठी विणलेला स्वेटर मग पेटीत पडे आणि पुढच्या भावंडाच्या अंगावर चढे.

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि कापूस जिथे पिकतो तिथेच कातला जावा, हा आग्रह कापसाच्या जिल्ह्यातूनच देशभर गेला. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखे, माग, ग्रामोद्योगाची अवजारे तिथे मांडली गेली. महायुद्धात कापड इतके महागले की १९४३ मध्ये सरकारला कापड व सूत नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामला स्त्रिया आणि बालकांसाठी १५ खाटांचे रुग्णालय उभे राहिले, डॉ. सुशीला नायर त्याच्या प्रमुख प्रेरक. बाळाचे जुनेर स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले असावे, हा सुईणीच्या खोलीत राहून गेलेला मुद्दा अशा रुग्णालयांनी पुढे आणला. जुने मऊ सुती कापड त्यांनी टाकून दिले नाही. प्रसूतीसाठी जाताना ते पिशवीत घालण्याची रीत आजही आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक अडचण येते. हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी दप्तरांत मोजलेल्या सापडतात. शंभर वर्षांपूर्वीचे दुपटे सापडत नाही. लुगड्याचे दुपटे होई, दुपट्याचे लंगोट, लंगोटाचे पोतेरे, आणि उरलेली चिंधी चुलीत जाई.