टिळकांचे वकील

बॅ. मोहम्मद अली जिना हे नाव आपल्याकडे फाळणीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फाळणीचे त्यांचे राजकारण मलाही पटत नाही. पण लोकमान्यांवरील खटल्यांचा इतिहास सांगायचा, तर त्यांचा वकील गाळून कसा सांगणार?

१८९६ मध्ये जिना लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात आले, तेव्हा त्यांची विशीही पूर्ण झाली नव्हती. खुनाच्या खटल्यांपासून प्रिव्ही कौन्सिलातल्या अपिलांपर्यंत सर्व पायऱ्यांवर त्यांनी वकिली केली. मला मात्र त्यातली टिळकांची दोन कामे महत्त्वाची वाटतात.

पहिले १९०८ चे. 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप होता. जिनांनी जामीन मागितला आणि न्या. दावर यांनी तो नाकारला. याच दावरांनी १८९७ मध्ये टिळकांचे वकील म्हणून न्या. बद्रुद्दीन तय्यबजींकडून जामीन मिळवला होता! पुढे टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

दुसरे १९१६ चे. बेळगाव आणि अहमदनगरच्या तीन भाषणांवरून सरकारने टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. ही नोटीस त्यांच्या हाती पडली ती साठाव्या वाढदिवशी. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे जिना उभे राहिले आणि हरले. वीस हजारांचा जातमुचलका, शिवाय दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, असा हुकूम झाला.

मग हायकोर्ट. तिथे नवे साक्षीदार नसतात. खाली जे कागदावर आले, त्याचा अर्थ लावायचा असतो. भाषणातली सुटी वाक्ये काढून दाखवू नका, सबंध भाषण वाचा. टिळक नोकरशाहीवर टीका करतात आणि बादशहाच्या छत्राखालीच स्वराज्य मागतात, ही जिनांची बाजू. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषणे समग्रच वाचली पाहिजेत, हे त्यांनी मान्य केले.

याच निकालात एका शब्दाचाही हिशेब झाला. राजद्रोहाच्या कलमात मराठीत 'अप्रीती' म्हणतात तो शब्द. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले होते, की सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती. व्याकरणाच्या तासाला मी हा नञ् समास असाच सोडवीन. पण कायद्यात तसे केले तर सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरेल. बॅचलर म्हणाले, नुसता अभाव पुरेसा नाही. प्रत्यक्ष वैरभाव दिसला पाहिजे. टिळकांना तुरुंगात धाडणारी व्याख्या एकोणीस वर्षांनी टिळकांच्याच प्रकरणात अशी सैल झाली.

पुढच्याच महिन्यात अशील आणि वकील दोघेही लखनौला होते. टिळक काँग्रेसच्या अधिवेशनात, जिना मुस्लीम लीगच्या अध्यक्षपदी. दोन्ही संघटनांचा लखनौ करार तिथेच मंजूर झाला.