वीस मिनिटांची नळी

घोणस चावलेल्या माणसाच्या आत काय चाललंय, ते वरून लवकर कळत नाही. पाय सुजतो, ठणकतो. पण माणूस बोलतो, चहा मागतो. तेवढ्यात रक्तातली गोठण्याची ताकद संपत आलेली असू शकते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात, टोमॅटोच्या शेतात पान लागणं, म्हणजे साप चावणं, काही नवलाचं नाही, आणि अशा वेळी दवाखान्यात लागते ती साधी काचेची नळी. शिरेतलं दोन मिलिलिटर ताजं रक्त तीत सोडायचं, नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच आडवी करायची. गुठळी जागेवर राहिली तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं काम सुरू केलंय, प्रतिविषाची लस द्यायची.

या नळीचं कूळ शोधायला बोस्टनला जावं लागतं. 1913 मध्ये रॉजर ली आणि पॉल डडली व्हाइट या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मोजायची पद्धत मांडली. (हेच व्हाइट पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून गाजले आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर त्यांनी उपचार केले.) काचच का, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त नळीत फार उशिरा गोठे, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास म्हणाल तर काही नाही. 1955 मध्ये ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्याच्या रक्तात एक घटक नसल्याचं दाखवलं. काचेचा स्पर्श झाला की हाच घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू करतो. त्यामुळे नळी नवी, कोरडी, स्वच्छ हवी. प्लास्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेली तर त्याहून वाईट, कारण तीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि बिनविषारी दंशाच्या रुग्णालाही उगाच लस टोचली जाते.

वेळ मोजत बसण्याची ली-व्हाइट यांची पद्धत सर्पदंशासाठी ‘गोठलं की नाही’ एवढ्यावर आणली डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा लेख 1977 चा, काम नायजेरियातल्या झारियाचं आणि साप आपल्या फुरशाचा आफ्रिकी भाऊबंद. तिथं प्रयोगशाळेची वाट पाहत बसणं परवडण्यासारखं नव्हतं. पुढे 1994 मध्ये ब्राझीलमध्ये वेगळ्याच सापांच्या रुग्णांवर ही चाचणी पडताळली गेली, आणि भारताच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतही ती आली. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत गेली कित्येक वर्षं जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सर्पदंशाचे रुग्ण बरे करत आहेत. गंमत अशी, की नारायणगावच्याच प्रीमियम सीरम्स या कंपनीची लस आज आफ्रिकेत जाते. चाचणी तिकडून आली, औषध इकडून गेलं.

लस दिल्यावर मात्र घाई उपयोगाची नाही. लस विष निकामी करते, गोठवणारे घटक बनवत नाही. ते काम यकृताचं, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून नळी पुन्हा लावायची ती सहा तासांनी. मध्येच तासाभरानं ‘अजून पातळच आहे’ म्हणून लस वाढवणं म्हणजे माप चुकीच्या वेळी लावणं.

आणि चुकीच्या रुग्णालाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. त्याचं रक्त नळीत झकास गोठेल आणि इकडे श्वास बंद पडत असेल. त्याच्यासाठी मापं निराळी: पापणी किती उघडते, उशीवरून मान उचलून धरता येते का, एका दमात किती आकडे मोजता येतात. याला यंत्र लागत नाही, मोजणारा तेवढा दर थोड्या वेळानं कॉटशी यायला हवा.

घोणशीच्या बाबतीतही नळी सगळं सांगत नाही. श्रीलंकेतल्या 2013 च्या एका अभ्यासात तिनं घोणशीच्या विषानं रक्त बिघडलेल्यांपैकी शंभरात 40 जण पकडले. 2017 मध्ये नीट पद्धतीनं केलेल्या चाचणीत 82. म्हणजे नळी गोठली तरी सुजेवर आणि हिरड्यांवर नजर ठेवावीच लागते. शिवाय घोणशीचं विष मूत्रपिंडावरही जातं. रक्त सुधारलं तरी लघवी कमी होतेय का, हे वेगळं बघायचं.

रुग्णाच्या लेखी ‘बरं होणं’ याहूनही पुढचं असतं. 1995 मध्ये कॅनडातल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी एक मोजपट्टी काढली. त्रास होणारी कामं रुग्णानंच सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे: शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. सर्पदंशाच्या संशोधनात काय-काय मोजावं, यावर 2023 मध्ये जे आंतरराष्ट्रीय एकमत झालं, त्यात मृत्यूबरोबर ही पट्टीही आहे. मला हे फार पटतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट उचलणारा हमाल आणि डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला चिखलात वाकून भात लावणारी बाई, दोघांची यादी एक असणार नाही. पण ती विचारायची तर रुग्ण महिन्याभरानं परत दिसायला हवा. इथं डिस्चार्जचा कागद बहुतेकदा रक्त गोठल्यावरच लिहिला जातो, आणि भातलावणीच्या दिवसांत फेरतपासणीसाठी एसटीनं येणं म्हणजे त्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडणं.