बॅज आणि परमिट (लांजा तालुका)

बॅज आणि परमिट : भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी लागणारी दुहेरी मान्यता. बॅज माणसाला मिळतो, परमिट गाडीला. दोन्ही असल्याशिवाय रिक्षा, टॅक्सी, जीप किंवा मॅजिक ‘धंद्याला लावता’ येत नाही. गाडी स्वतःची आणि हात कितीही सरावलेला असला, तरी पहिले भाडे घेतले की कायद्याच्या दृष्टीने ती गाडी वेगळी होते. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात ॲपवरून टॅक्सी बोलावण्याची रीत नाही. ‘येतोस का?’ असा फोन ओळखीच्या रिक्षावाल्याला जातो. तरी शहरातल्या ॲप-टॅक्सीच्या चालकाला ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांतील बहुतेक लांज्याच्या रिक्षावाल्यालाही चुकत नाहीत.

लांजा मुंबई-गोवा महामार्गावर आहे. प्रभानवल्ली, भांबेड, खोरनिनको, माचाळ ही गावे सह्याद्रीच्या कुशीत, तर साटवली मुचकुंदी नदीच्या अंगाला. एसटीचे आगार लांज्यात आहे, पण आतल्या गावांतील फेऱ्या मोजक्या. आडवली आणि विलवडे ही कोकण रेल्वेची स्थानके तालुक्याच्या गावापासून दूर आहेत. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो की चाकरमान्यांना गाडीवरून घरी आणायचे असो, अखेर रिक्षा किंवा वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी गाडी, हाच आधार. म्हणूनच चालक कोण, त्याचे कागद पुरे आहेत का, हा प्रश्न इथे प्रत्येक घराचा आहे.

चालकाची मान्यता परवान्यापासून सुरू होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार साध्या परवान्याला अठरा वर्षे पुरतात, व्यावसायिक वाहनासाठी मात्र वीस पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. सोबत डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो, त्यात नजर, रंगांची ओळख, ऐकू येणे अशा गोष्टी तपासलेल्या असतात. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पण उत्तम गाडी चालवणाऱ्या कितीतरी मुलांना ती आडवी येत असे. २०१९ मध्ये केंद्राने ती काढली, ते योग्यच झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने, साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या व्यावसायिक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो असे ठरवले. राज्याचा बॅज हा त्याहून निराळा विषय आहे.

बॅज महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ खाली दिला जातो. लोक त्याला बिल्ला असेही म्हणतात. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, वास्तव्याचे पुरावे लागतात. खाकी शर्टाच्या खिशावर टाचलेला, क्रमांक कोरलेला तो धातूचा तुकडा घामाने आणि पावसाने काही वर्षांत काळवंडतो, कडा गुळगुळीत होतात, पण क्रमांक वाचता येतो. रात्री एकटीने रिक्षात बसलेल्या बाईला तो क्रमांक दिसणे, हाच बॅजचा खरा उपयोग. तो घरी डब्यात ठेवून गाडी चालवणाऱ्याने आपल्या धंद्याची पत स्वतःच कमी केलेली असते.

गाडीची मान्यता त्याहून किचकट. परमिट देण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. रिक्षांच्या परमिटवर राज्याने १९९७ मध्ये मर्यादा घातली. त्यामुळे जुने परमिट म्हणजे जमिनीच्या तुकड्यासारखी मालमत्ता झाली, नव्या मुलाला दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०१७ च्या जूनमध्ये परमिट खुले झाले. परमिटसाठी मराठी येण्याची अट घालणारे २०१६ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केले. तो वाद मुंबई-ठाण्याचा, लांज्यात त्याची झळ लागली नाही. परमिट मिळाले की पिवळी पाटी, विमा आणि पासिंग, म्हणजे गाडीची योग्यता तपासणी. नव्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. लांज्याच्या गाडीवर एमएच-०८ असते, म्हणजे कार्यालय रत्नागिरीचे. पालीवरून हातखंब्याला आणि तिथून रत्नागिरीला जाऊन येईतो दिवस मोडतो, त्या दिवसाचे भाडे बुडते. परवान्यांसाठी तालुक्याच्या गावी शिबिरे भरतात, तशीच सोय गाड्यांच्या कामालाही पुरेशी मिळाली, तर कागद अर्धवट ठेवण्याची वृत्ती नक्की कमी होईल.

कागद नसलेल्या वाहतुकीला सरकारी भाषेत अवैध प्रवासी वाहतूक म्हणतात, लोकांच्या भाषेत वडाप. वडापमध्ये ‘शीट भरले’ की गाडी सुटते. विनापरमिट गाडीला कायद्यात दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. दंडापेक्षा भारी गोष्ट विम्याची. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसे नेण्याचा धोका धरलेला नसतो. घाटात गाडी कलंडली तर आतल्या माणसांच्या भरपाईचा वाद कोर्टात जातो, आणि चालकाचे घर कर्जात बुडते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत बसणाऱ्याला हे कुणीतरी सांगितले पाहिजे. एसटीच्या संपात, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, राज्य सरकारनेच खासगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली होती. गरज पडली की मान्यता एका आदेशाने देता येते, हे त्या दिवसांत गावोगाव दिसले.

ॲप-टॅक्सीची मान्यता याच पायावर उभी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांना कलम ९३ खाली परवाना घेणे भाग पडले. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी चालकासाठी पोलीस पडताळणी, किमान दोन वर्षांचा अनुभव, वैद्यकीय तपासणी आणि पाच दिवसांचे प्रशिक्षण सांगितले. दिवसात बारा तासांहून अधिक काम नको, आणि भाड्यातील किमान ऐंशी टक्के चालकाला, हेही त्यातच. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावले, २०२५ मध्ये राज्याने स्वतःचे धोरण आणले. त्याच वर्षी मान्य झालेली इलेक्ट्रिक बाइक-टॅक्सी एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती आहे, लांजा नगरपंचायतीला ती लागू होत नाही. मुंबईला जाऊन ॲपवर गाडी चालवणाऱ्या तरुणाला कागदांचे फोटो मोबाइलवर चढवून ‘मंजूर’ हा शब्द येण्याची वाट पाहावी लागते. आपला अर्ज कोण वाचते हे त्याला कळत नाही, नाकारला तर विचारायला माणूस सापडत नाही.

लांज्यात आणखी एक मान्यता आहे, ती कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. स्टँडवरच्या रांगेत नंबर मिळणे. बॅज आणि परमिट हातात आले तरी नव्या रिक्षाला जुन्या चालकांनी रांगेत घ्यावे लागते. पुढची रिक्षा भरली की मागच्याने सरकायचे, कुणाचे भाडे पळवायचे नाही, दवाखान्याचे भाडे असेल तर नंबर सोडून त्याला आधी जाऊ द्यायचे. गणपतीच्या आधल्या दिवसांत विलवड्याला दिवा-सावंतवाडी गाडी थांबते तेव्हा फलाटाबाहेर हीच रांग लागलेली असते. पिशव्या, पोती, झोपलेली पोरे उतरतात, आणि सगळ्यात नवा चालक शेवटी उभा राहून आपल्या नंबरची वाट बघत असतो.