दमाचें गणित

बीड जिल्ह्यांतील तेलगाव येथील एखादा तरुण पांच किलोमीटरची धांव वीस मिनिटांत पुरी करतो, असें समजा. दहा किलोमीटरला त्यास किती वेळ लागेल? चाळीस मिनिटें, असें त्रैराशिक सांगतें. परंतु शरीर तें मानीत नाहीं. अंतर वाढतें तसा वेग मंदावतो. त्या मंदावण्यालाहि कांहीं नियम आहे काय?

या प्रश्नाचा नेटानें शोध घेणाऱ्या आरंभींच्या अभ्यासकांत आर्थर केनेली हे प्रमुख होत. त्यांचा जन्म १८६१ सालीं मुंबईच्या कुलाब्यांत झाला. पुढें ते अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत विद्युत्-शास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या विद्युद्भारित थरावरून परावर्तन पावून रेडिओच्या लहरी दूर देशीं पोंचतात, त्याचें अनुमान त्यांनीं १९०२ सालीं केलें. १९०६ सालीं त्यांनीं माणसांच्या व घोड्यांच्या शर्यतींतील विक्रम एकत्र मांडून नियम काढला. तो असा कीं, वेळ अंतराच्या नऊ-अष्टमांश घाताच्या प्रमाणांत वाढते. अंतर दुप्पट झालें कीं वेळ सुमारें २·१८ पट होते. या हिशेबानें त्या तरुणास ४३ मिनिटें ३७ सेकंद लागतील.

१९२५ सालीं इंग्लंडचे ए. व्ही. हिल यांनीं विक्रमांच्या आंकड्यांमागील शरीरव्यापार उलगडून दाखविला : थोड्या वेळाच्या धांवेंत स्नायू प्राणवायूचें कर्ज काढतात, लांब धांवेंत मात्र जितका पुरवठा तितकाच वेग. १९७७ सालीं अमेरिकेंतील अभियंते पीटर रीगल यांनीं लांब अंतरांसाठीं घात १·०६ ठरविला. त्याप्रमाणें तोच तरुण ४१ मिनिटें ४२ सेकंदांत पोंचेल.

आतां याच जिल्ह्यांतील प्रत्यक्ष उदाहरण पाहूं जातां, आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे डोळ्यांपुढें येतात. सैन्यांत दाखल झाल्यावर ते क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरले, आणि २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदकाचे मानकरी झाले. २०२३ सालीं त्यांनीं ५,००० मीटर अंतर १३ मिनिटें १९·३० सेकंदांत तोडलें. त्यावरून रीगलचें सूत्र अर्ध-मॅरेथॉनला सुमारें ६१ मिनिटें १७ सेकंद देतें. केनेलींचा नियम तर ६७ मिनिटांहून अधिक देतो. परंतु साबळे यांनीं २०२० सालींच दिल्लींत तें अंतर ६० मिनिटें ३० सेकंदांत पार केलें होतें! त्यांचा स्वतःचा घात १·०५ च्या आसपास पडतो.

१·०६ हा अनेकांच्या वेळांवरून काढलेला मध्यम आंकडा होय. व्यक्तीचा दम त्याच्या अलीकडे असेल वा पलीकडे. पोलीस व सैन्यभरतीसाठीं सोळाशें मीटर धांवणाऱ्या ग्रामीण तरुणांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. त्या एका धांवेचा निकाल नोकरीपुरता खरा. लांब पल्ल्याच्या शक्तीचा निवाडा त्यानें होत नाहीं. निरनिराळ्या दोन अंतरांच्या वेळा मोजाव्या, त्यांवरून आपला घात काढावा, आणि सराव वाढेल तसा तो पुन्हां तपासावा.